पहिला फेरा : चार्ल्स केटरिंग यांचे चरित्र

विद्यार्थी मित्रांनो, पौषातल्या एखाद्या पहाटेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. अंगणात दव साचले आहे, बोलताना तोंडातून वाफ निघते आहे आणि सहलीला निघालेली मुले शाली पांघरून मोटारीत बसली आहेत. चालक किल्ली फिरवतो. इंजिन दोन-तीन वेळा कण्हते, कुरकुरते आणि मग एकदम घरघरू लागते. मुले आनंदाने ओरडतात आणि प्रवास सुरू होतो. किल्ली फिरली आणि इंजिन सुरू झाले, या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडले याचा विचार त्या गडबडीत कोणीच करीत नाही.

आमच्या घरातली वृद्ध मंडळी गोव्यातल्या जुन्या ‘कारेरां’च्या, म्हणजे उतारूंच्या मोटारींच्या, गोष्टी कोकणीत रंगवून सांगत. त्या गोष्टींत एक प्रसंग हटकून येई. मोटारीच्या नाकाशी असलेल्या भोकात एक वाकडी लोखंडी कांब घातली जाई आणि एखादा धट्टाकट्टा माणूस ती जिवाच्या आकांताने फिरवू लागे. याला ‘हँडल मारणे’ म्हणत. इंजिन मानी असे. पाच-दहा वेळा फिरवूनही ते हुंकार देत नसे आणि कधी कधी उलट फिरून हँडल मारणाराच्या मनगटावर सूड घेई. मनुष्याच्या हातांची या संकटातून सुटका करण्याचा मान ज्या एका गृहस्थाकडे जातो, त्यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे. त्यांचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. ते अमेरिकेतल्या ओहायओ राज्यातले. तुम्हाला ऐकून आश्चर्य वाटेल, पण आपल्या आयुष्याचा आरंभ त्यांनी एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक म्हणून केला होता.

चरित्राकडे वळण्यापूर्वी ते संकट नेमके कसे होते, हे समजून घेतले पाहिजे. पेट्रोलचे इंजिन स्वतःहून कधीच सुरू होत नाही. वाफेच्या इंजिनात बाष्प सोडले की दट्ट्या हलू लागतो. विजेच्या यंत्रात प्रवाह सोडला की चाक फिरते. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. त्याने आधी पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढून घ्यावी लागते, ती दाबावी लागते, आणि मग ठिणगी पडून स्फोट झाला म्हणजे शक्ती उत्पन्न होते. म्हणजे शक्ती निर्माण होण्यासाठी इंजिन आधी फिरले पाहिजे, आणि फिरण्यासाठी शक्ती पाहिजे! हा पेच सोडवण्यासाठी पहिला फेरा दुसऱ्या कोणी तरी द्यावा लागतो. पुढचे हजारो फेरे इंजिन आपले आपण घेते.

थंडीत हा पहिला फेरा फारच महाग पडे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात पाणी गोठते. अशा वेळी इंजिनातले वंगण काकवीसारखे घट्ट होऊन दट्ट्यांना जणू चिकटून बसे. पेट्रोलची वाफ होत नसे, आणि वाफच नाही तर ठिणगीने पेट काय घ्यावा? मग लोक नाना उपाय करीत. कोणी रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतीत. कोणी पेट्रोलची वाफ सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीला गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यांनी शेक देत. कोणी रात्री इंजिनातले वंगण काढून घरात ठेवी आणि सकाळी चुलीवर गरम करून पुन्हा ओती. फोर्डच्या मोटारीचे मालक मागचे एक चाक जॅकने उचलून धरीत, म्हणजे घट्ट वंगणामुळे अडणाऱ्या यंत्राला थोडी मोकळीक मिळे. इतके सोपस्कार झाल्यावर हँडल मारावयाचे.

आणि येथेच खरा धोका होता. त्या काळी ठिणगी केव्हा पडावी, हे चालकाने हाताने ठरवावे लागे. त्यासाठी सुकाणूजवळ एक लहान दांडी असे. हँडल मारण्यापूर्वी ठिणगी उशिरा पडेल अशा जागी ती दांडी आणून ठेवण्याचा नियम होता. घाईत किंवा विसराळूपणाने ते राहून गेले, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होई आणि इंजिन उलट झटका देई. तो झटका हँडलमार्फत थेट हातात शिरे. अंगठा मोडणे, मनगट निखळणे, हाताचे हाड मोडणे हे प्रकार इतके नित्याचे झाले की मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टरांनी मोटारचालकाचेच नाव देऊन टाकले. जाणते लोक नवशिक्याला बजावीत की हँडलभोवती अंगठा वळवू नये आणि हँडल खाली दाबू नये, वर ओढावे. एवढे करूनही हात शाबूत राहीलच, अशी खात्री कोणी देत नसे.

आता ही कोंडी फोडणाऱ्या पुरुषाकडे वळू. चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायओ राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळच्या शेतावर झाला. आईबापांच्या पाच अपत्यांपैकी हे चौथे. वडील शेतकरी होते. घरात श्रीमंती नव्हती, पण कष्टाची लाज कोणालाच नव्हती. मुलगा बुद्धीने तल्लख. परंतु दैवाने त्याच्यापुढे एक कठीण अडसर घालून ठेवला होता. त्याची दृष्टी फार दुबळी होती. थोडे वाचले की डोळे दुखत आणि डोके ठणकू लागे. ज्ञानाची तहान मोठी आणि ज्ञानाचे मुख्य द्वार मात्र अर्धवट मिटलेले, अशी त्याची अवस्था होती.

शालेय शिक्षण संपल्यावर केटरिंग यांनी खेड्यातल्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. ते केवळ क्रमिक पुस्तके शिकवून थांबले नाहीत. संध्याकाळी ते मुलांना जमवीत आणि वीज, उष्णता, चुंबकत्व, गुरुत्वाकर्षण यांचे प्रयोग करून दाखवीत. पुस्तकातली ओळ वाचणे ज्याला यातनादायक होते, त्याने निसर्गाचे पुस्तक हातांनी वाचावयास घेतले, असेच म्हणावे लागेल. पुढे आयुष्यभर त्यांची हीच रीत राहिली. कागदावरच्या आकडेमोडीवर थांबावयाचे नाही. वस्तू करून पाहावयाची आणि तिलाच प्रश्न विचारावयाचा.

शिक्षकी करून त्यांनी थोडा पैसा साठवला आणि ते ओहायओ राज्य विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकू लागले. परंतु डोळ्यांनी दगा दिला. अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. ऐन पंचविशीत स्वप्न असे धुळीस मिळाल्यावर कोणाही तरुणाचे मन खचेल, त्यांचेही खचले. पोटासाठी त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या मजुरांच्या टोळीत काम धरले. खांबांसाठी खड्डे खणणे, खांब उभे करणे, तारा ताणणे, हे ते काम. दिवसभर उघड्या हवेत राबताना डोळ्यांना विसावा मिळाला आणि प्रकृती सुधारली. शिवाय त्यांच्या ध्यानात आले की आपण शिकलेली विद्युत्‌विद्या या खांबांवर आणि तारांवर प्रत्यक्ष उपयोगी पडते. ते टोळीचे मुकादम झाले. याच काळात ऑलिव्ह विल्यम्स या तरुणीशी त्यांचा परिचय झाला, आणि १९०५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

मन सावरल्यावर केटरिंग पुन्हा विद्यापीठात गेले. या वेळी त्यांनी एक युक्ती योजली. सोबतचे विद्यार्थी पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचीत आणि ते ऐकून लक्षात ठेवीत. अशा रीतीने, कानांनी अभ्यास करून, १९०४ मध्ये ते पदवीधर झाले. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ २८ वर्षांचे होते. त्यांचे सोबती वयाने कितीतरी लहान होते. पण उशिरा पोहोचण्याचा कमीपणा त्यांना वाटला नाही. परीक्षेत एक वर्ष मागे पडल्याने जीवनच संपले असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मनात जपून ठेवण्यासारखी आहे.

पदवी मिळताच त्यांना डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी मिळाली. दुकानातल्या गल्ल्याची नोंद ठेवणारी यंत्रे ही कंपनी तयार करीत असे. ही यंत्रे हाताने मुठीची कांडी फिरवून चालवावी लागत. त्यांना विजेची जोड द्यावी, हे काम केटरिंग यांच्याकडे आले. अडचण अशी की गल्ल्याच्या पेटीत मोठी विजेची मोटर मावणार कोठे? केटरिंग यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. गल्ल्याचे यंत्र दिवसभर अखंड फिरत नाही. गिऱ्हाईक आले की ते क्षणभर फिरते आणि मग थांबते. म्हणून तेथे अखंड राबणारी मोठी मोटर नकोच. क्षणभर भरपूर जोर लावून नंतर विसावा घेणारी लहानशी मोटर पुरेल. लहान मोटरवर तिच्या ताकदीबाहेरचा भार दीर्घकाळ टाकला तर ती तापून जळून जाईल. पण क्षणभर टाकला तर ती तो सोसते. हा विचार खरा ठरला आणि विजेचा गल्ला तयार झाला. वाचकांनी ही क्षणभराच्या जोराची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे एक कर्तबगार अधिकारी होते. दोघांची मैत्री जमली. डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. १९०८ च्या सुमारास केटरिंग आणि कंपनीतले काही सहकारी दिवसाची नोकरी आटोपून रात्री या कोठारात जमू लागले आणि मोटारीसाठी नवीन साधने तयार करू लागले. पहिले साधन ठिणगीचे. त्या काळी ठिणगीसाठी वापरल्या जाणाऱ्या बॅटऱ्या लवकर संपून जात. केटरिंग यांनी अशी रचना केली की प्रत्येक स्फोटासाठी एकच जोरदार ठिणगी पडावी आणि वीज वाया जाऊ नये. डेट्रॉईटच्या कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना ती पसंत पडली आणि त्यांनी हजारोंनी मागणी नोंदवली. तेव्हा, १९०९ मध्ये, केटरिंग आणि डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. हिच्याच नावातील आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव रूढ झाले. केटरिंग यांनी पगाराची नोकरी सोडली. घरी पत्नी आणि १९०८ मध्ये जन्मलेला लहान मुलगा असताना असे धाडस करणे सोपे नव्हते.

आता या चरित्रातला मुख्य प्रसंग. लेलंड यांचे बायरन कार्टर नावाचे एक मित्र होते. तेही मोटारी बनवणारेच. १९०८ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूची कथा निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितली जाते, पण तिचा गाभा सगळीकडे एकच आहे. रस्त्यात एका स्त्रीची मोटार बंद पडली होती. कार्टर सौजन्याने थांबले आणि हँडल मारू लागले. इंजिनाने उलट झटका दिला, हँडल त्यांना लागले, आणि त्या दुखापतीतून उद्भवलेल्या आजारात ते दगावले. परोपकारासाठी पुढे केलेला हात असा प्राणावर बेतावा, हे लेलंड यांच्या जिव्हारी लागले, असे सांगतात. त्यांनी केटरिंग यांना विचारले की हँडलाची गरजच राहणार नाही, असे काही करता येईल का?

हा प्रश्न नवा नव्हता. दाबलेली हवा, गुंडाळलेली कमान, ॲसिटिलीन वायू, अशा अनेक मार्गांनी इंजिन फिरवून पाहण्यात आले होते. काही अवजड होते, काही धोक्याचे आणि काही ऐन वेळी दगा देणारे. विजेच्या जाणत्यांनी तर हिशेब मांडून सांगितले होते की एवढे इंजिन फिरवावयाचे तर विजेची मोटर आणि बॅटरी इतकी मोठी लागेल की मोटारीत माणसांना बसावयास जागाच उरणार नाही. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यांनी प्रश्नच वेगळा सोडवला होता. इंजिन सतत फिरवत ठेवावयास किती शक्ती लागेल, हे त्यांनी मोजले होते. केटरिंग यांनी विचारले की ही शक्ती किती वेळ लागेल? उत्तर होते : काही क्षण. इंजिनाने पेट घेतला की मोटरचे काम संपले. गल्ल्याच्या यंत्रात जे घडले तेच येथे घडवावयाचे होते. लहान मोटरला क्षणभर तिच्या शक्तीबाहेर राबवावयाचे आणि लगेच विश्रांती द्यावयाची. लहान मोटरच्या वेगाचे जोरात रूपांतर करण्यासाठी दातेरी चाके घालावयाची. आणि इंजिन भरधाव सुटल्यावर त्याने मोटरला आपल्याबरोबर फरफटत नेऊ नये म्हणून एका दिशेनेच पकड घेणारी क्लच बसवावयाची.

येथपर्यंत आले तरी अर्धेच काम झाले होते. बॅटरीतली वीज संपली की पुढे काय? केटरिंग यांच्या कल्पकतेचा खरा चमत्कार या ठिकाणी दिसतो. ज्या यंत्राने इंजिनाला पहिला फेरा द्यावयाचा, त्याच यंत्राला मग इंजिनाने फिरवावयाचे. मोटरला बाहेरून फिरवले की ती डायनामोचे काम करते आणि वीज उत्पन्न होते. ती वीज बॅटरीत परत भरावयाची, तिच्यावरच ठिणगी पाडावयाची आणि तिच्यावरच मोटारीचे दिवे लावावयाचे. एका हाताने उसने घ्यावे आणि दुसऱ्या हाताने व्याजासह फेडावे, असा हा व्यवहार होता. सुरू करणे, ठिणगी आणि दिवे ही तिन्ही कामे एकाच रचनेत गुंफली गेली. आजच्या मोटारीत स्टार्टर आणि वीज उत्पन्न करणारे यंत्र निरनिराळे असतात, पण देवघेवीचे हे तत्त्व तेच आहे.

१९१०-११ च्या हिवाळ्यात कोठारातल्या मंडळींनी रात्रीचा दिवस केला. कॅडिलॅकची एक मोटार डेटनला आणून तिच्यावर प्रयोग चालू होते. या कामाला थंडीइतका कठोर परीक्षक दुसरा नव्हता. थंडीत वंगण घट्ट होते, म्हणजे जोर जास्त लागतो. आणि त्याच थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे जोर कमी मिळतो. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो! अशा दुहेरी परीक्षेत जे साधन टिकेल तेच खरे. फेब्रुवारी १९११ मध्ये मोटार लेलंड यांच्यापुढे उभी राहिली आणि हँडलाला हात न लावता सुरू झाली. लेलंड यांनी १९१२ सालच्या आपल्या मोटारींना हे साधन बसवण्याचा निश्चय केला. डेल्कोजवळ मोठा कारखाना नव्हता. जे लोक नमुने तयार करीत होते त्यांनाच आता कारखानदार व्हावे लागले. या कामगिरीबद्दल इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर चषक दिला. हा मान कॅडिलॅकला दुसऱ्यांदा मिळत होता. केटरिंग यांच्या या शोधाचे पेटंट १९१५ मध्ये मंजूर झाले.

या लहानशा मोटरने समाजात मोठा पालट घडवला. पूर्वी पेट्रोलची मोटार म्हणजे दणकट पुरुषाचे किंवा पगारी चालक ठेवणाऱ्या धनिकाचे वाहन होते. हँडल मारण्याची ताकद नाही किंवा धोका नको, म्हणून अनेक स्त्रिया विजेवर चालणाऱ्या मोटारी पसंत करीत. पेट्रोलच्या मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यादेखील विजेचीच मोटार वापरीत! आता ज्याला बटन दाबता येते त्याला मोटार सुरू करता येऊ लागली. हिवाळ्याच्या मध्यरात्री रोग्याकडे धावणारा डॉक्टर, वृद्ध शेतकरी, एकटी प्रवास करणारी स्त्री, सर्वांनाच वाट मोकळी झाली. फोर्डनेही १९१९ पासून आपल्या मोटारींना हे साधन देण्यास आरंभ केला. दुसरीकडे विजेच्या मोटारी मागे पडल्या, आणि त्याचे एक मुख्य कारण हेच साधन होते. एका लहान विद्युत्‌मोटरने पेट्रोलच्या इंजिनाला हात दिला आणि आपल्याच मोठ्या बहिणीला रस्त्यावरून दूर सारले, असा हा विलक्षण योग! शंभर वर्षांनी विजेच्या मोटारी पुन्हा रस्त्यावर येऊ लागल्या आहेत, हे आपण पाहतोच.

केटरिंग यांचे पुढचे आयुष्य वैभवाचे होते. १९१६ मध्ये डेल्को विकली गेली आणि नंतर जनरल मोटर्स या बलाढ्य संस्थेत सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग यांनी तिच्या संशोधनशाळेचे नेतृत्व केले. त्यांच्या नावावर पावणेदोनशेहून अधिक पेटंटे जमा झाली. रेल्वेसाठी हलके आणि वेगवान डिझेल इंजिन तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. १९३४ च्या मे महिन्यात अशा इंजिनाच्या गाडीने डेन्व्हर ते शिकागो हे १,००० मैलांहून अधिक अंतर १३ तासांच्या थोड्या अधिक वेळात, मध्ये कोठेही न थांबता, तोडले.

अपयशही त्यांच्या वाट्याला आले. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे इंजिन तयार करण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९२३ मध्ये अशा मोटारी बाजारात येऊ लागल्या, पण त्या इतक्या सदोष निघाल्या की कंपनीला त्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांना हा घाव वर्मी लागला आणि त्यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. अपयशातून माणूस शिकतो, असे ते आपल्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत, आणि ते सांगण्याचा अधिकार त्यांना अशा रीतीने मिळाला होता.

परंतु मित्रांनो, थोरांच्या चरित्रातली उजळ पाने तेवढी वाचून दाखवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. एक काळे पानही उलगडले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात अवेळी स्फोट होऊन ठकठक आवाज येई आणि शक्ती वाया जाई. त्यावर उपाय शोधण्याचे काम केटरिंग यांनी टॉमस मिजली या सहकाऱ्याकडे सोपवले. डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना आढळले की शिशाचे एक संयुग अल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले की ठकठक थांबते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरातच असे पेट्रोल प्रथम विकले गेले. ते विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंग होते. शिसे विषारी आहे, हे ज्ञान नवीन नव्हते. प्राचीन काळापासून ते माणसाला ठाऊक होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार शिशाच्या विषाने मरण पावले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला परिषद भरली. तेथे डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने आणि इतर काहींनी स्पष्ट धोका दाखवला. विक्री काही काळ थांबली, पण पुन्हा सुरू झाली आणि जगभर पसरली.

पुढे अनेक दशके मोटारींच्या धुरातून शिसे हवेत आणि मातीत मिसळत राहिले. त्याचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तेव्हा एकेक देश असे पेट्रोल बंद करू लागला. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते १९९६ मध्ये, आणि आपल्या भारतात २००० मध्ये बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जेरियात, त्याची विक्री २०२१ मध्ये थांबली. म्हणजे एका उपायाची किंमत जगातल्या मुलांनी जवळजवळ शंभर वर्षे मोजली.

ज्या माणसाने हँडलाच्या झटक्यापासून हात वाचवले, त्याच्याच संशोधनशाळेतून हे विष बाहेर पडावे, याचा अर्थ काय लावावा? मला वाटते, याचे उत्तर त्या थंडीतल्या इंजिनापाशीच सापडते. शक्ती किती वेळ लागेल, हा एक प्रश्न केटरिंग यांनी इतरांच्या आधी विचारला आणि अशक्य ते शक्य झाले. शिशाच्या बाबतीत मात्र इंजिन ठकठक का करते, एवढेच विचारले गेले. धुराबरोबर बाहेर पडणारे शिसे कोठे जाते, हा प्रश्न विचारला गेला नाही, आणि इतरांनी विचारला तेव्हा तो मनावर घेतला गेला नाही. बुद्धी तीच, उद्योग तोच, चिकाटी तीच. फरक प्रश्नाचा होता. योग्य प्रश्न विचारणारा माणूस उपकारकर्ता ठरतो, आणि तोच माणूस एखादा प्रश्न टाळतो तेव्हा त्याच्या हातून अपकार घडतो. म्हणून केटरिंग यांना देव्हाऱ्यात बसवू नये आणि त्यांना धिक्कारूनही मोकळे होऊ नये. दोन्ही पाने एकत्र वाचावीत.

त्यांनी मिळवलेल्या संपत्तीचा मोठा भाग लोककार्यात गेला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोगाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. तिला जनरल मोटर्सचे प्रमुख ॲल्फ्रेड स्लोन आणि केटरिंग या दोघांचे नाव आहे, आणि आजही ती जगातल्या नामांकित संस्थांत गणली जाते. दैवाचा खेळ असा की दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह याच रोगाने निवर्तल्या. झाडांची हिरवी पाने सूर्यप्रकाशापासून अन्न कसे तयार करतात, या प्रश्नाच्या संशोधनालाही केटरिंग यांनी उदारपणे साहाय्य केले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेटनला लागून असलेले एक शहर आज त्यांचे नाव धारण करून आहे.

आता पुन्हा त्या पौषातल्या पहाटेकडे जाऊ. चालक किल्ली फिरवतो, इंजिन कुरकुरते आणि मग सुरू होते. त्या दोन-तीन क्षणांत एक लहानशी मोटर आपल्या शक्तीबाहेरचे काम करते आणि आपले काम संपताच बाजूला होते. मुलांनो, पहिला फेरा नेहमीच जड असतो. नवा विषय, नवी भाषा, मागे राहिलेला अभ्यास, सगळ्यांचे वंगण आरंभी घट्टच असते. तेथे जन्मभर पुरेल इतकी शक्ती आपल्यात आहे का, याचा हिशेब मांडीत बसू नये. काही काळ मनापासून जोर लावावा. पुढचे फेरे काम आपले आपण घेते. मात्र चाक एकदा फिरू लागले की ते आपल्याला कोणत्या वाटेने नेत आहे आणि मागे काय सोडून जात आहे, एवढे विचारावयास विसरू नये. केटरिंग यांच्या चरित्राची दोन्ही पाने आपल्याला हेच शिकवतात.